साइड देण्याचे गणित

‘साइड देणे’ या आपल्या बोलण्यातल्या शब्दप्रयोगात दातृत्वाचा भाव आहे. मागच्याने साइड मागायची आणि पुढच्याने ती द्यायची किंवा नाकारायची; जणू रस्त्याचा तेवढा तुकडा पुढच्याच्या मालकीचा आहे आणि तो सोडण्यात त्याचा मोठेपणा आहे. बहुपदरी महामार्गावर मात्र ओव्हरटेकिंगच्या लेनमधला व्यवहार जागेपेक्षा वेळेचा अधिक असतो, आणि तो वेळ नेमका किती, हे चाकामागे बसलेल्या माणसाला सहसा उमगत नाही. महामार्गावरील सौजन्याविषयीचे बरेचसे वाद या न उमगण्यातून निर्माण होतात, असे मला वाटते.

आधी साधे त्रैराशिक मांडू. ताशी ९० किलोमीटर वेगाने चाललेल्या १६ मीटर लांबीच्या ट्रकला ४ मीटर लांबीची मोटार ओलांडते आहे. मोटारीने ट्रकच्या मागे ४० मीटरवर असताना लेन बदलली आणि ट्रकच्या पुढे ४० मीटर गेल्यावर ती कडेच्या लेनमध्ये परतली, तर तिला ट्रकच्या तुलनेत एकूण १०० मीटरची आघाडी मिळवावी लागते. तिचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर दोघांच्या वेगांतील फरक सेकंदाला जेमतेम २.८ मीटर भरतो. म्हणजे या कामाला ३६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात मोटार रस्त्याचा पूर्ण एक किलोमीटर कापते. तिने हाच वेग ११० केला, तर वेळ १८ सेकंदांवर आणि अंतर ५५० मीटरवर येते. वेग अवघा दहा टक्क्यांनी वाढला, पण लेन व्यापण्याचा काळ निम्म्यावर आला, कारण येथे हिशेब वेगाचा नसून वेगांतील फरकाचा आहे. अर्थात हा जोर वेगमर्यादेच्या आत असेल तेवढाच लावता येतो. तो लावता येत नसेल, तर ओव्हरटेक करायला निघण्यापूर्वीच विचार करणे बरे.

हा फरक फारच लहान झाला की काय होते, ते युरोपातील महामार्गांवर रोज दिसते. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार तेथील अवजड मालवाहू वाहनांना वेगनियंत्रक बसवलेले असतात आणि त्यांचा वेग ताशी ९० किलोमीटरपलीकडे जाऊ शकत नाही. पण टायरची झीज, भरलेला माल, रस्त्याचा चढ आणि यंत्रातील बारीकसारीक तफावत यांमुळे एखादा ट्रक ९० ने चालतो, तर एखादा ८८ ने. मागच्या चालकाला हे दोन किलोमीटर सोडवत नाहीत, आणि त्याच्या दृष्टीने ते गैरही नाही, कारण दिवसाकाठी नऊ तास गाडी हाकणाऱ्याला त्यातून १८ किलोमीटर जास्त पदरात पडतात. तो बाहेर निघतो. पूर्वीइतकीच १०० मीटरची आघाडी मिळवायला त्याला आता तीन मिनिटे लागतात आणि तोवर साडेचार किलोमीटर रस्ता मागे पडलेला असतो. जर्मन लोक या दृश्याला ‘हत्तींची शर्यत’ म्हणतात. तेथील वाहतूक नियम सांगतो की, ज्याला ओलांडायचे त्याच्यापेक्षा लक्षणीय जास्त वेग असेल तरच ओव्हरटेक करावे. आणि ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेल्यावर हाम येथील न्यायालयाने २००८ मध्ये सुमारे ४५ सेकंदांची कालमर्यादा आणि ताशी १० किलोमीटरचा फरक असा ढोबळ मापदंड घालून दिला.

या तीन मिनिटांत मागे काय घडते? समजा, ओव्हरटेकिंगच्या लेनमधून तासाला १००० गाड्या ताशी १२० किलोमीटर वेगाने येत आहेत. म्हणजे दर किलोमीटरला आठ-नऊ गाड्या आहेत आणि त्या ट्रककडे ताशी ३० किलोमीटरने सरकत आहेत. हिशेब केला तर तीन मिनिटांत सुमारे बारा गाड्या ट्रकमागे येऊन थबकतात. बारा ही संख्या काही मोठी नाही. पण त्या बाराही जणांनी ब्रेक दाबलेला असतो आणि प्रत्येकाने तो पुढच्यापेक्षा थोडा उशिरा, म्हणून थोडा जास्त जोराने दाबलेला असतो.

अशा ब्रेकचे पुढे काय होते, याचा एक देखणा प्रयोग जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर त्यांनी २२ मोटारी सारख्या अंतराने उभ्या केल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग राखून फिरत राहायला सांगितले. मार्गात ना सिग्नल होता, ना वळण अरुंद होते, ना कुणी आडवे येत होते. थोडा वेळ सगळे सुरळीत चालले; मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने त्याहून थोडा अधिक कमी केला, आणि बघता बघता काही गाड्या चक्क थांबल्या. ही कोंडी एका जागी राहिली नाही. गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने ती लाटेसारखी मागे मागे सरकत गेली. महामार्गावर अचानक वाहतूक थांबते, काही मिनिटांनी पुन्हा सुटते आणि पुढे जाऊन पाहावे तर ना अपघात दिसतो ना काम चालू असते, त्यामागे बहुधा अशीच लाट असते. जिने ती सुरू केली, ती गाडी तोवर कितीतरी पुढे निघून गेलेली असते आणि तिच्या चालकाला आपल्या कर्तृत्वाचा पत्ताही नसतो.

पुरेसे अंतर ठेवून चालणारा चालक ही लाट गिळून टाकतो. पुढच्याच्या वेगातला छोटा चढउतार त्या मोकळ्या जागेत जिरतो आणि ब्रेकला पाय लावावा लागत नाही. दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम टक्कर टाळण्यासाठी सांगतात, पण त्याचा हा दुसरा उपयोग माझ्या मते तितकाच मोलाचा आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाला दोन सेकंद म्हणजे ६७ मीटर. साइड मिळावी म्हणून पुढच्या गाडीच्या मागे दहा मीटरवर चिकटणारा चालक स्वतःकडे ०.३ सेकंद ठेवतो, आणि अनपेक्षित प्रसंगी माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच साधारण एक ते दीड सेकंद लागतो. शिवाय ज्याच्यामागे तो चिकटला आहे त्याची नजर पुढच्या रस्त्यावरून उठून आरशात अडकते, आणि कडेच्या लेनमध्ये नीट जागा पाहून शिरण्याचे त्याचे काम आणखी अवघड होते. घाई करणारा स्वतःच विलंब ओढवून घेतो.

आता दुसऱ्या बाजूचे गाऱ्हाणे पाहू. वेगात येणाऱ्या चालकाची नेहमीची तक्रार अशी की, ट्रकमागची मोटार नेमकी आपण जवळ आल्यावर लेनमध्ये घुसते. तिच्या चालकाने आरशात पाहिले नसणार, किंवा पाहूनही मुद्दाम आडवी घातली असणार. या ठिकाणी डोळ्यांचे शास्त्र मध्ये येते. समोरून किंवा मागून येणारी वस्तू जवळ येत आहे हे दुरून ओळखताना आपल्याला मुख्यतः तिच्या प्रतिमेच्या वाढण्यावर विसंबावे लागते, आणि ती वाढ सेकंदाला साधारण ०.००३ रेडियन, म्हणजे ०.१७ अंश, एवढी झाल्याशिवाय जवळ येण्याचा वेग जाणवत नाही. १.८ मीटर रुंदीची मोटार २०० मीटरवर असताना डोळ्यांना सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढी. ती आपल्यापेक्षा ताशी ५० किलोमीटर अधिक वेगाने येत असली, तरी त्या अंतरावर तिची प्रतिमा सेकंदाला ०.०४ अंशसुद्धा वाढत नाही. आरशात ती चंद्रासारखीच स्थिर भासते. वाढ जाणवण्याची मर्यादा ओलांडली जाते ती गाडी ९० मीटरच्या आसपास आल्यावर, आणि तेव्हा हाताशी साडेसहा सेकंद उरलेले असतात. हा हिशेब सपाट आरशाचा झाला. बाहेरचा आरसा बहिर्वक्र असेल, तर प्रतिमा आणखी लहान दिसते आणि गाडी आहे त्याहून दूर वाटते.

थोडक्यात, बाहेर निघणाऱ्याने आरशात पाहिलेले असते, त्याला गाडी दिसलेलीही असते. दिसत नाही तो तिचा वेग. त्याच्यावर एक सोपा उपाय आहे: दोन सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहायचे आणि प्रतिमा मोठी झाली का, याची तुलना करायची. वरच्या उदाहरणात तेवढ्या वेळात गाडी २०० मीटरवरून १७२ मीटरवर येते आणि तिची प्रतिमा सहाव्या हिश्श्याने वाढते, जी सलग वाढताना कळत नसली तरी दोन नजरांच्या तुलनेत ओळखू येते. वेगात येणाऱ्यानेही हे जाणून असावे. ट्रकच्या मागे कोंडत चाललेली मोटार दिसली, तर ती आता बाहेर निघणार असे धरून थोडा आधी पाय उचलणे शहाणपणाचे असते, कारण आपला वेग तिच्या चालकाला दिसत नाही, हे भौतिकशास्त्राने जवळपास ठरवून टाकलेले आहे.

राहिला प्रश्न एकमेकांना सांगण्याचा. माणसे समोरासमोर असताना चेहरा, स्वर आणि हातवारे यांनी जे काम होते, ते महामार्गावर इंडिकेटर, हॉर्न आणि डिपर यांच्यावर येऊन पडते, आणि त्यांपैकी डिपर तर अगदीच संदिग्ध आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेप्रमाणे डिपरचा अर्थ केवळ ‘मी येथे आहे’ एवढाच. जर्मनीत शहराबाहेर ओव्हरटेक करण्याचा इरादा कळवायला तो वापरण्याची कायदेशीर मुभा आहे, मात्र तोच दमदाटीच्या सुरात आणि मागे चिकटून वापरला तर प्रकरण फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. आणि अनेक ट्रकचालक ‘तुमची गाडी पुढे निघाली, आता आत या’ हे सांगण्यासाठी तोच प्रकाश उडवतात. एकच खूण ‘हो बाजूला’ आणि ‘या आत’ असे दोन्ही सांगत असेल, तर गैरसमज होणे साहजिक आहे.

या गैरसमजाला मग आपले मन स्वभावाचा रंग देते. आपण कुणाला आडवे गेलो तर परिस्थितीच तशी होती. दुसरा आडवा आला तर तो उद्धट आहे. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या प्रवृत्तीला ‘मूलभूत कारणारोपण दोष’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याच्या आधी, १९६८ मध्ये, अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस यांनी हिरवा दिवा लागल्यावरही मुद्दाम जागची न हलणारी गाडी उभी करून मागचे चालक केव्हा हॉर्न वाजवतात ते मोजले होते. नव्या, महागड्या गाडीपेक्षा जुन्या, साध्या गाडीवर ते लवकर वाजवतात असे आढळले. १९९५ मधील अशाच एका प्रयोगात टप उघडता येणाऱ्या गाड्यांचे चालक टप बंद असताना अधिक लवकर आणि अधिक वेळ हॉर्न वाजवताना दिसले. बंद काचेआड माणूस निनावी होतो आणि त्याची भीड चेपते.

ओव्हरटेक झाल्यावरही ओव्हरटेकिंगच्या लेनमध्ये ठाण मांडून बसणारे चालक हा सर्वांत चिघळलेला विषय. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारात, शक्य असेल तितके रस्त्याच्या आपल्या कडेला राहावे, असे म्हटले आहे, आणि ब्रिटनमध्ये २०१३ पासून विनाकारण मधली लेन अडवणाऱ्याला जागेवरच १०० पौंडांचा दंड होऊ शकतो. तरी माणसे तेथे का रेंगाळतात? आळस हे एक कारण असेल, पण ‘एकदा आत गेलो की परत बाहेर यायला मिळणार नाही’ ही धास्ती त्याहून मोठी दिसते. तिला डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी १९९९ मध्ये उलगडलेला एक भ्रम खतपाणी घालतो. दोन लेनचा सरासरी वेग अगदी सारखा असला, तरी शेजारची लेन आपल्यापेक्षा वेगात चालल्यासारखी वाटते. गाड्या सावकाश चालतात तेव्हा एकमेकींना खेटून असतात, म्हणून आपण त्यांना झटक्यात, थोडक्या वेळात मागे टाकतो. त्या वेगात असतात तेव्हा विरळ असतात, म्हणून त्या आपल्याला बराच वेळ, एकेक करून ओलांडत राहतात. मागे टाकलेली गाडी नजरेआड होते आणि पुढे गेलेली डोळ्यांसमोर खुपत राहते, ती वेगळीच. धास्तीपुरते बोलायचे तर, कडेच्या लेनमधला पुढचा ट्रक ३०० मीटरवर असेल आणि आपण त्याच्यापेक्षा ताशी २० किलोमीटरने जलद असू, तर सुरक्षित अंतरे वगळूनही आत जाऊन राहायला ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात मागच्या चार-पाच गाड्या निघून जातात आणि आपला वेग कणभरही कमी होत नाही.

रहदारी फार दाट झाली, की हे नियमही आपली धार गमावतात. एका लेनमधून तासाला सुमारे २००० मोटारी, म्हणजे दर १.८ सेकंदांना एक, एवढीच वाहतूक जेमतेम जाऊ शकते. त्या मर्यादेजवळ कडेची लेन रिकामी ठेवण्यात काही अर्थ नसतो. जर्मन महामार्गांवर तर गर्दीच्या वेळी ओव्हरटेकिंगच्या लेनमध्ये कडेच्या लेनपेक्षा अधिक गाड्या धावताना मोजल्या गेल्या आहेत. अशा वेळी वारंवार लेन बदलणारा चालक दर खेपेला क्षणभर दोन्ही लेन व्यापतो आणि दोन्हींत ब्रेकची लाट सोडतो.

आता हत्तींच्या शर्यतीकडे एकदा परत जाऊ, कारण आतापर्यंत आपण सारी जबाबदारी ओलांडणाऱ्यावर टाकली. व्हिएन्ना करार ज्याला ओलांडले जात आहे त्यालाही बांधून घेतो: त्याने कडेला राहावे आणि वेग वाढवू नये. शेजारी गाडी आली की नकळत पाय थोडा अधिक दाबला जातो, म्हणून हे सांगावे लागले असावे. समजा, ८८ ने चाललेल्या ट्रकच्या चालकाने वेग न वाढवता उलट पाय उचलून तो ८४ वर आणला. फरक दोनाचा सहा झाला, तीन मिनिटांचे काम एका मिनिटात उरकले आणि मागच्या बारा गाड्यांऐवजी चारच गाड्यांना थबकावे लागले. त्या मिनिटभरात या चालकाने ६७ मीटर गमावले, आणि ८८ च्या वेगाला ६७ मीटर म्हणजे पावणेतीन सेकंद होतात.