खोली भाड्यानं घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोकुळ शिरगाव, शिरोली नाहीतर कागलच्या एमआयडीसीत नवीन लागलेली पोरं, विद्यापीठात शिकणाऱ्या मुली, नुकतं लग्न झालेलं जोडपं, दवाखान्यात पेशंट ठेवून दोन-चार महिन्यांसाठी आलेले पाहुणे. कोल्हापुरातल्या आमच्या घर-दलालीच्या ऑफिसात एका खोलीची चौकशी करणारे बहुतेक यांतलेच. बजेट ठरलेलं असतं आणि घाई भरपूर असते. खोली बघायला मिळतात दहा मिनिटं, तीही भर दुपारी, मालक शेजारी उभं राहून बोलत असताना. त्या दहा मिनिटांत भिंतीचा रंग दिसतो, बाकी काही दिसत नाही.

म्हणून आमचं सांगणं असतं, खोली दोनदा बघा. एकदा सकाळी पाणी यायच्या वेळेला आणि एकदा रात्री नऊनंतर. टोकन त्यानंतर. "आत्ताच द्या, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" असं मालक म्हणाले, आमचा माणूस म्हणाला, तरी खिशात हात घालू नका.

आधी शब्दांचा घोळ

जाहिरातीत सगळ्यालाच 'रूम' म्हणतात. वन आरके म्हटलं की स्वयंपाकाचा कट्टा आणि संडास-बाथरूम आतच, तुमच्या एकट्याचं, असं आम्ही धरतो. सिंगल रूमला ते बहुधा जिन्याखाली किंवा मागच्या बोळात असतं आणि दोन-तीन बिऱ्हाडांत मिळून असतं. कॉट बेसिस म्हणजे भाडं कॉटचं, खोलीचं नव्हे. शेजारच्या कॉटवर कोण येणार हे मालक ठरवणार. फोनवरच विचारून घ्या, बसभाडं वाचेल.

पाणी

थेट पाईपलाईननं काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं, तरी प्रत्येक गल्लीचा नळ सारखा नाही. उंचावरच्या भागात, पाईपच्या टोकाला असलेल्या घरात धार बारीक असते. विचारायचं ते मालकाला नको, शेजारच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना विचारा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मोटर कोण लावतं, टाकी रिकामी झाली की पुढं काय. पाच मिनिटांत सगळा इतिहास कळतो, शिवाय चहा मिळतो.

आमच्या मोपेडला एक २० लिटरची बादली कायम अडकवलेली असते. बाथरूमचा नळ पूर्ण सोडून ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर बघा. दोन मिनिटांत भरली तर ठीक. पाच मिनिटं लागली, तर पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यानं ही खोली सोडून द्यावी. नळ चालू असतानाच संडासाचं फ्लश ओढून बघा. दोन्ही एकदम चालतात का ते समजतं. बादलीतलं पाणी जमिनीवर ओता आणि कुठं जातं बघा. मोरीकडं न जाता दाराकडं आलं, तर ते रोज तसंच येणार आहे.

वापराला बोअरचं पाणी असेल तर फरशीवर आणि नळाच्या तोटीवर पांढरट थर दिसतो. साबणाला फेस येत नाही, केस चरचरीत होतात. राहता येतं, पण प्यायचं पाणी वेगळं कुठून आणायचं ते आधी विचारून ठेवा.

ओल, आणि आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका मुलाला आम्ही तळमजल्यावरची खोली दिली. नवा रंग, नवी ट्यूब, भाडंही कमी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो गादी रिक्षात घालून थेट आमच्या ऑफिसात आला. गादीची खालची बाजू काळी पडलेली, हात लावला की बोटाला बुरशी लागत होती. मालकाला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण रंग फक्त एका भिंतीला, तोही खालच्या तीन फुटांपर्यंतच मारलाय, हे आम्ही बघूनही विचारलं नव्हतं. दलाली परत दिली आणि दुसरी खोली शोधून दिली.

तेव्हापासून उन्हाळ्यात खोली बघताना आम्ही तीन गोष्टी करतो. दार बंद करून दोन मिनिटं आत थांबतो आणि कुबट वास येतो का बघतो. भिंतीला खाली तळवा न लावता हाताची मागची बाजू लावतो, गारवा तिला लवकर कळतो. आणि कपाट किंवा कॉट भिंतीला टेकवून ठेवलेली असेल तर ती सरकवायला सांगतो. पोपडे बहुधा तिथंच असतात. छताला पिवळसर कडा असलेला डाग दिसला तर वरच्या मजल्यावरचं बाथरूम त्याच्या डोक्यावर आहे का, ते वर जाऊन बघा.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ओल कमी असते, पण एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही आणि पावसाळ्यात रात्री फोनवर बोलता येत नाही. दिवसभर कामावर असणाऱ्याला ती चालते. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला आम्ही सुचवत नाही.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांतल्या खोल्या उन्हाळ्यात गार, भाड्याला स्वस्त आणि शेजाराला उत्तम. मात्र मातीच्या भिंती आणि लाकडी माळा नीट बघा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. अशी नोटीस आलीय का, हे सरळ विचारा. विचारल्यावर मालक चिडले, तर उत्तर मिळालं असं समजा.

नदीचं पाणी

बाहेरगावच्या लोकांना हे सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर, नागाळा पार्कचा काही भाग, नदीकडच्या पेठा इथं तळमजल्याची खोली घेत असाल, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एकच प्रश्न विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" दुकानदार गुडघ्याला, कमरेला नाहीतर छातीला हात लावून दाखवेल. त्या उंचीवर तुमचा कट्टा, मीटर आणि कपाट येतं का, ते डोळ्यांनी मोजा. त्याच गल्लीत वरचा मजला मिळाला तर सामान वाचतं, पण महापुराच्या दिवसांत वीज आणि नळाचं पाणी दोन्ही बंद पडतात, तेव्हा काही दिवस जायला दुसरं ठिकाण मनात धरून ठेवा.

लाईट

सर्वांत जास्त भांडणं इथंच होतात. महावितरणचं मीटर तुमच्या खोलीचं स्वतंत्र आहे, की मालकाच्या मीटरवरून घेतलेलं सबमीटर आहे? सबमीटर असेल तर युनिटला किती रुपये लावणार, तो आकडा करारात लिहून घ्या. त्याआधी मालकाकडचं ताजं बिल बघायला मागा. घरगुती वापराचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, पुढं आणखी चढा. चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की एकूण युनिटं वरच्या टप्प्यात जातात. तुम्ही महिन्याला ३० युनिटंच जाळली तरी दर वरचा पडू शकतो. यात मालक फसवतातच असं नाही, हिशोबच तसा होतो. पण बिल बघितलं नाही, तर यातलं खरं काय ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता एक साधी तपासणी. खोलीतलं सगळं बंद करा. फ्रिज असेल तर त्याचा प्लगही काढा. मग मीटरवरचा बारीक लाल दिवा एक-दोन मिनिटं बघत उभे राहा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर जिन्यातला बल्ब, पाण्याची मोटर किंवा शेजारचा पंखा तुमच्या मीटरवर आहे. एका मुलीनं हे आमच्यासमोर करून दाखवलं, तेव्हा मालकांनाच आश्चर्य वाटलं. वायरमननं कधी जोडलं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पाणी तापवायला रॉड वापरणार असाल तर जाड पिनेचं १५ अँपिअरचं सॉकेट हवं. १५०० वॅटचा रॉड २० मिनिटं लावला की अर्धं युनिट जातं, म्हणजे महिन्याला पंधराच्या आसपास. लहान सॉकेटवर तो लावला तर प्लग तापतो, वितळतो. सॉकेटच्या कडेला तपकिरी डाग दिसला तर तिथं आधी हेच झालेलं आहे.

गॅस गिझर असेल तर

हे वाचून सोडून देऊ नका. छोट्या बाथरूममध्ये, दार-खिडकी बंद करून गॅस गिझर चालवला की हवेतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. दार आतून लावलेलं असल्यानं बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप यायला हवा. तो आत असेल तर बाहेर काढून द्यायला सांगा. मालक तयार नसतील तर आम्ही ती खोली दाखवणं बंद करतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही, दाराखाली फट किंवा खाली जाळी असावी. चौकातून भरून मिळणारी बिनशिक्क्याची छोटी टाकी आणू नका. गॅस एजन्सीत ओळखपत्र दाखवून ५ किलोचा सिलिंडर मिळतो.

रात्रीची फेरी

दुसऱ्यांदा जाल ते रात्री. गल्लीत दिवे आहेत का, खाली मंडळाची बैठक किती वाजेपर्यंत चालते, कुत्री किती आहेत. सेकंड शिफ्टवाल्यांनी गेटची वेळ विचारायलाच हवी. दहाला कुलूप लागत असेल आणि तुम्ही साडेअकराला वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, उतरणार असाल, तर पहिल्या आठवड्यातच वाजणार. पाहुणा रात्री राहिला तर चालतं का, गाडी कुठं लावायची, आणि कोल्हापुरात राहून सर्वांत नाजूक प्रश्न, रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा केला तर चालतो का. हसू नका, यावरून दोन महिन्यांत खोली सोडलेले ग्राहक आमच्याकडं आहेत.

कडी-कोयंडा आतून-बाहेरून लावून बघा. कुलूप स्वतःचं नवीन घाला. आधीच्या भाडेकरूकडं जुन्या कुलपाची किल्ली राहिलेली असू शकते.

कागद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झालाच तर मालकानं वेगळं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगतो त्याच अटी धरल्या जातात. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय आणि तो चुकीचा आहे. नोटरीचा शिक्का म्हणजेही नोंदणी नव्हे.

खर्चाची भीती बाळगू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. ४,००० भाडं, १५,००० डिपॉझिट, अकरा महिने असा हिशोब केला तर शुल्क शंभर-दोनशे रुपयांतच बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि उचगाव-पाचगावसारख्या ग्रामपंचायत हद्दीत ५००. शिवाय ऑनलाइन नोंदणीचा किरकोळ आकार आणि आमची फी. आधार कार्ड आणि अंगठा, एवढ्यावर काम होतं, सब-रजिस्ट्रारच्या दारात उभं राहावं लागत नाही. खर्च कुणी करायचा हे आधीच बोलून घ्या. आमच्याकडं बहुतेक जण निम्मा-निम्मा करतात.

सही करण्याआधी मालकांकडून घरफाळ्याची पावती आणि लाईट बिल बघायला घ्या. दोन्हींवरचं नाव आणि तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाचं नाव जुळत नसेल, तर त्यांचं नातं काय ते विचारा. भाऊ-काका असतील तर संमती लिहून घेता येते. ते स्वतःच भाडेकरू असतील तर तुम्ही पोटभाडेकरू होणार, तिथं थांबा.

करारात डिपॉझिटचा आकडा, ते खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार, रंगासाठी कापणार असतील तर किती, आणि सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, हे आकड्यांत हवं. "नंतर बघू" हे वाक्य करारात बसत नाही, म्हणून तोंडीही मान्य करू नका. मुदत संपल्यावर नवा करार न करता तसेच राहिलात तर कायद्यानं दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते, तेव्हा संपायची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा. आणि तुमची माहिती पोलिसांकडं दिल्याची प्रत मालकांकडून मागून घ्या.

किल्ली घेताना

मीटरचा आकडा, भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, पंखा, ट्यूब, नळ या सगळ्यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅप करा. "आज खोली ताब्यात घेतली, मीटर अमुक युनिट" एवढं खाली लिहा. अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून फुटक्या फरशीचे पैसे कापायची वेळ आली, की हा एक मेसेज उपयोगी पडतो. भाडं रोख दिलंत तर प्रत्येक महिन्याची पावती घ्या.

खोली बघायला यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्या गल्लीची पाण्याची वेळ आम्ही विचारून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी ती सकाळी लवकर असते, त्यामुळं साडेसहाला उठायची तयारी ठेवा. बादली आम्ही आणतो.