सहकारी गृहनिर्माण संस्था, मुंबई

इमारतीतील सदनिकाधारकांनी मिळून नोंदवलेली आणि इमारतीचा सामाईक कारभार पाहणारी संस्था. बोलण्यात ‘सोसायटी’. काही देशांत काँडोमिनियम नावाची पद्धत आहे. तीत फ्लॅट ज्याच्या-त्याच्या मालकीचा असतो आणि सामाईक जागेत प्रत्येकाचा हिस्सा असतो. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० मध्ये तशी सोय आहे. मुंबईत मात्र सोसायटीच रुळली. हस्तांतरण पूर्ण झाल्यावर जमीन व इमारत संस्थेची होते आणि सभासदाकडे भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) व सदनिकेचा हक्क राहतो. म्हणूनच मुंबईत इमारत पर्यावरणपूरक करायची की नाही, हे शेवटी सर्वसाधारण सभेत ठरते. गच्ची, टाकी, बाहेरच्या भिंती, विहीर, झाडे यांपैकी काहीच एकट्याचे नसते.

गावदेवीची सारस्वत सोसायटी (१९१५) ही शहरातील पहिल्या सोसायट्यांपैकी. तिच्या उभारणीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा पुढाकार होता. आजचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार चालतो. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने संस्था स्थापून जमिनीचे हस्तांतरण करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले; पण अनेकांनी ते वर्षानुवर्षे रखडवले. त्यावर २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्सची तरतूद आली. ज्या सोसायटीचे नाव मालमत्ता पत्रकावर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीत नाही, तिच्या हाती इमारतीचे भवितव्यही पुरते नसते.

घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी, आधी पाहावे. ते नसलेल्या इमारतीतील स्वस्त फ्लॅट पुढे फार महाग पडतो. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत बेकायदा मजल्यांवरील कुटुंबे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही लढाई हरली. चालू प्रकल्प असेल तर महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे (२०१७ पासून कार्यरत) त्याची नोंद तपासावी आणि दर चटई क्षेत्रफळावरच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच काढावा. मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के, महिलेच्या नावे खरेदी असल्यास एक टक्का सवलत. जुन्या फ्लॅटसाठी सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे. फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते तो हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही; ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागितलेली वरची रक्कम नाकारण्याचा खरेदीदाराला हक्क आहे. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला.

मुंबईच्या हवेला साजेशी इमारत कशी असते, हे शहराला पूर्वीपासून ठाऊक आहे. दादर, माटुंगा, मरीन ड्राइव्ह इथल्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांवरचे रुंद छज्जे ऊनही अडवतात आणि तिरक्या पावसाची झडही. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरील कांचनजंगा (१९८३) या उंच इमारतीत जुन्या बंगल्यांचा व्हरांडा वर नेला: समुद्राचा वारा घेण्यासाठी घरे पूर्व-पश्चिम उघडी आणि ऊन-पाऊस झेलायला दोन मजली उंचीचे कोपऱ्यातले सज्जे. पुढे नियमांनी दुसरी दिशा घेतली. २०१२ च्या बदलानंतर बाल्कनी आणि फ्लॉवर बेड चटईक्षेत्र निर्देशांकात (भूखंडावर किती बांधता येईल त्याच्या मर्यादेत) मोजले जाऊ लागले आणि बिल्डरला सज्ज्यापेक्षा खोली देणे परवडू लागले. सपाट काचेच्या दर्शनी भिंतीमागे एसीशिवाय राहणे अवघड, हा त्याचाच परिणाम.

गच्चीवरही शहाणपण जुनेच आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, कोब्याचा थर उष्णता खाली उतरू देत नाही. तरीही गळती सुरू झाली की सभेत पहिला ठराव पत्र्याच्या शेडचा येतो. शेड घालायचीच असेल तर तिचा सांगाडा सौर पॅनेलचे वजन पेलेल असा बांधून घ्यावा. एक किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून सरासरी रोज चार युनिट वीज मिळते. पाच मजली इमारतीत त्यावर पंप, जिन्याचे दिवे आणि लिफ्टचे बिल बऱ्यापैकी भागते. तीस मजली टॉवरची गच्ची मात्र माणसांच्या मानाने फार लहान पडते. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४) सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

पाण्याचा हिशेब याहून बोलका आहे. शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांत. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर दहा लाख लिटरच्या वर पाणी पडते आणि पन्हाळीतून गटारात जाते. त्याच इमारतीत भातसा-वैतरणा धरणांचे शुद्ध केलेले पाणी फ्लशला वापरतात. २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. जुन्या सोसायटीत आवारातील बुजत चाललेली विहीर उपसून, गच्चीचे पाणी गाळून तिच्यात सोडावे आणि फ्लशसाठी वेगळी टाकी व वेगळी नळवाहिनी टाकावी. नळवाहिनीचा खर्च नडतो, म्हणून हे काम प्लंबिंग बदलण्याच्या मोठ्या दुरुस्तीबरोबरच धरावे.

रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७ पासून धरला. खताचे पिंप बिघडते ते बहुधा क्षुल्लक गोष्टीने: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, भाजीच्या जुडीचा रबर. ते वेचण्याचे काम सफाई कामगाराच्या हातांवर ढकलले जाते, हे अन्यायाचे आहे. वर्गीकरण घरातल्या ओट्यावरच व्हायला हवे.

जुन्या इमारतीचा पुनर्विकास ही सगळ्यात मोठी संधी. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील २०१९ च्या निर्देशांनुसार निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते. बिल्डरशी वाटाघाटी वाढीव क्षेत्र, कॉर्पस (एकरकमी निधी) आणि बांधकाम चालू असतानाचे भाडे यांभोवती फिरतात. आरपार वारा, छज्ज्यांची रुंदी, दुहेरी नळवाहिनी, विहीर आणि वाचवायची झाडे यांचा उल्लेख निविदेच्या तांत्रिक भागात आणि विकास करारात नावानिशी असावा लागतो; करार नोंदल्यावर ते मागण्याची ताकद सोसायटीकडे फारशी उरत नाही.