कपाशीचं झाड आणि बायांची मजुरी

कापूस अजूनही बायाच का वेचतात? निम्मं कारण झाडात आहे. कपाशी एकदम फुटत नाही. खालच्या फांदीवर बोंडं फुटून पांढरी झालेली असतात, तेव्हा शेंड्याला पात्या-फुलं लागतच असतात. म्हणून सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, झाल्यावर त्याच वावरात तीन-चार वेळा वेचणी करावी लागते. अमेरिकेत औषध फवारून पानं गाळतात आणि यंत्राने एका फेरीत सगळं वेचून घेतात. त्यासाठी बुटकी, दाट लावलेली, साधारण एकाच वेळी फुटणारी झाडं लागतात. आपली पसरट संकरित कपाशी त्या यंत्राच्या कामाची नाही.

निंदणाचं उलट झालं. खुरपं घेऊन ओळीने बसणाऱ्या बायांचं काम तणनाशकाने खाल्लं. फवारणीचा पंप गड्याच्या पाठीवर असतो, त्यामुळे तण मारायची मजुरीही त्याच्याकडे गेली. अवजार बदललं की काम बाईकडून पुरुषाकडे सरकतं, हे डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये नांगराबद्दल मांडलं होतं. पंप हा नांगराचाच धाकटा भाऊ म्हणायचा.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदींतून त्यांनी दाखवलं, की शेतीच्या काळात कमावत्या स्त्रिया बऱ्याच होत्या, कारखाने आल्यावर कमी झाल्या आणि कचेऱ्या-दुकानं वाढल्यावर पुन्हा वाढल्या. यवतमाळ-वाशीमच्या खेड्यांत कारखाना आला नाही, कचेरीही नाही. इथली बाई वावरातच राहिली, वावरातलं काम मात्र बदललं.

सरकारी श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६. आकडा जवळपास दुप्पट झाला, पण मी तरी एवढ्यात टाळ्या वाजवणार नाही. या वाढीतला मोठा वाटा स्वयंरोजगाराचा आहे आणि घरच्या शेतात बिनपैशाने राबणारीही त्यातच धरली जाते.

रोख पैसा येतो तो वेचणीत. मजुरी किलोवर, म्हणून गडी असो की बाई, दर एकच. पहिल्या वेचणीत बोंडं भरपूर, हात भराभर चालतो. शेवटी शेवटी दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही, आणि मग बाया दर वाढवून मागतात. गावात कोणी मिळालं नाही तर शेतकरी शेजारच्या गावाहून ऑटो भरून बाया आणतो. भाडंही त्यालाच द्यावं लागतं.