कोला-अ‍ॅन्सिबलला कुबरनेटीस लागत नाही

ओपनस्टॅक (स्वतःचं क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) कंटेनरमध्ये, म्हणजे सुट्या बंदिस्त डब्यांत, चालवायचा तर आधी कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) उभारा, हा समज चुकीचा आहे. ते लागतं ओपनस्टॅक-हेल्म या उभारणीच्या साधनाला. कोला-अ‍ॅन्सिबल हे दुसरं साधन थेट सर्व्हरवर डॉकर किंवा पॉडमन या सॉफ्टवेअरचे कंटेनर चालवतं. चाचणीला एक मशीन पुरतं: २ नेटवर्क कार्डं, ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क.

घोळ होतो तो नेटवर्कमध्ये. न्यूट्रॉनला (ओपनस्टॅकचा नेटवर्क सांभाळणारा भाग) दिलेल्या कार्डावर आयपी पत्ता ठेवू नका. कार्ड ब्रिजमध्ये (न्यूट्रॉनच्या आभासी स्विचमध्ये) गेलं की त्या पत्त्यावरचा संपर्क तुटतो. एसएसएच (सर्व्हरवरचं दुरून लॉगिन) तिथूनच असेल तर बसा बोंबलत! व्हीआयपी (क्लाउडच्या सेवांचा सामायिक आभासी पत्ता) दुसऱ्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या कार्डाच्या सबनेटमधला, पण कुणीही न वापरलेला हवा. त्याच नेटवर्कवर दुसरं कोला क्लाउड असेल तर व्हीआयपी सांभाळणाऱ्या कीपअलाइव्हडीचा राउटर आयडी बदला. दोन्हीकडे मूळचा ५१ राहिला की संदेश एकमेकांत मिसळतात. ‘डिप्लॉय’ या उभारणीच्या कमांडआधी ‘प्रीचेक्स’ ही पूर्वतपासणीची कमांड चालवाच.