‘जमेल तितकं लांबवा’ : गुडघा बदलण्याच्या सल्ल्यामागचा इतिहास

गुडघ्याच्या दुखण्यावर दोन डॉक्टरांचं मत घेतलं तर बरेचदा दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘ग्रेड चार झालंय (एक्स-रेवर सर्वांत जास्त झीज), गुडघा बदलून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘जमेल तितकं लांबवा.’ हे दोन्ही सल्ले वेगवेगळ्या काळात रुजले आहेत.

पहिला प्रयोग बर्लिनमध्ये १८९० साली झाला. थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने सडलेल्या गुडघ्यांत हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गापुढे ते सांधे टिकले नाहीत. १९५० च्या दशकात वाल्डियस आणि शायर्स यांच्या बिजागऱ्या आल्या, पण दोष मूळ रचनेतच होता. गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर घरंगळतं, सरकतं आणि थोडं पिळलंही जातं. बिजागरी मात्र एकाच आसावर फिरते. न झेपलेला सगळा पीळ हाडात रोवलेल्या सांध्याच्या दांड्यावर येतो आणि सांधा खिळखिळा होतो.

ही कोंडी फोडली फ्रँक गन्स्टन यांनी. ते इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात, खुब्याचा कृत्रिम सांधा रूढ करणाऱ्या जॉन चार्नली यांच्याकडे काम करत होते. १९६८ च्या सुमारास त्यांनी बिजागरी सोडून मांडीच्या हाडाला धातूच्या पट्ट्या, नडगीवर प्लास्टिकच्या खाचा आणि दोन्ही बसवायला हाडाचं सिमेंट असा सांधा वापरला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांचा ‘टोटल काँडिलर’ सांधा आला. आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा हा पूर्वज. यातले चित्तरंजन रानावत म्हणजे पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलणारे सर्जन. आपल्याकडे ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द घराघरांत पोचला तो बहुधा तेव्हाच.

‘लांबवा’ हा सल्ला त्या काळातल्या प्लास्टिकमुळे आला. तेव्हा सांध्यातलं पॉलिएथिलीन हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. ऑक्सिजनमुळे ते ठिसूळ होई आणि त्याचे पापुद्रे सुटत. ते सूक्ष्म कण गिळणाऱ्या पेशी चिडून भोवतालचं हाड विरघळवत, आणि सांधा सैल होई. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, हाडही कमी उरलेलं. म्हणून पन्नाशीतल्या माणसाला थांबवणं तेव्हा शहाणपणाचंच होतं. पुढे ऑक्सिजनविरहित निर्जंतुकीकरण आलं, प्लास्टिकही सुधारलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा सुमारे ८२ टक्के पूर्ण बदललेले गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. पन्नाशीत हा हिशेब अजून करावा लागतो. सत्तरीत ‘झिजेल’ म्हणून थांबण्याला फारसा अर्थ नाही. उलट, फार थांबलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो, गुडघा अर्धवट वाकलेलाच राहतो. ऑपरेशनआधी जेवढी हालचाल शिल्लक असेल, त्यावरच नंतरची बरीचशी ठरते.

‘ग्रेड चार, करून टाका’ याचं मूळ त्याहून जुनं, १९५७ चं. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरची झीज ० ते ४ अशी मोजायची पद्धत बसवली, ती रोगाचं प्रमाण अभ्यासण्यासाठी. तिच्यावरून ऑपरेशन ठरवायचं असं त्यात कुठेच नव्हतं. शिवाय एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला तर हाडांमधली फट खोटी मोठी दिसते. ग्रेड चार असूनही रोज बाजारहाट करणारा माणूस थांबू शकतो. आणि झीज थोडी, वेदना फार, अशा गुडघ्यावर घाईने चाकू चालवला तर निराशा होण्याची शक्यता जास्त. एरवीही साधारण पाचातला एक जण निकालावर नाखूश असतो. गुडघ्यात जाणवणारं दुखणं खुब्यातून किंवा कमरेतून येत नाही ना, हे आधी तपासायलाच हवं.

मधला मार्ग म्हणून दुर्बिणीतून सांधा ‘साफ’ करण्याची चाल होती. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या चाचणीत ती नुसते छेद घेऊन केलेल्या खोट्या ऑपरेशनपेक्षा सरस ठरली नाही. २०१५ च्या डॅनिश चाचणीत १०० रुग्ण होते. सगळ्यांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहार, बुटातले इनसोल आणि औषधं. निम्म्यांचा गुडघा त्याआधी बदललेला. ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त मिळाला, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. बाकीच्यांपैकी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं फक्त चौथाई लोकांनी. म्हणून तीन महिने नेटाने व्यायाम न करता घेतलेला निर्णय अर्धवट म्हणायचा. ‘रोज चालतो’ हा त्यातला व्यायाम नव्हे.

पैशांचं गणित ऑगस्ट २०१७ मध्ये बदललं. सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी छापील किंमत सरासरी दीड लाखापुढे होती. जास्त वाकणाऱ्या ‘हाय-फ्लेक्स’ची ५६,४९० ठरली. त्या नावावर भुलू नये. खाली बसायला किंवा भारतीय संडास वापरायला गुडघा साधारण १३० अंशांपुढे वाकावा लागतो. बदललेला गुडघा बहुतेकांचा ११० ते १२० पर्यंत जातो, आणि चाचण्यांत हाय-फ्लेक्सने त्यात फारशी भर घातलेली नाही. ऑपरेशन ठरवण्याआधीच कमोडची सोय पाहावी. आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन पाहायचं असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत नको, संसर्गाचा धोका वाढतो.