पुरातून हलवलेल्या जनावरांवर उपचार : नोंद कुठे, कागद कोणते

‘म्हैस, काळी, एक.’ पुराच्या छावणीतल्या रजिस्टरात अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. चाळीस म्हशींच्या दावणीत यातली नेमकी कोणती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. म्हणून आधी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याबद्दल. त्यावरचा १२ आकडी नंबर म्हणजे जनावराचा ‘आधार नंबर’. उपचार, लस, भरपाई, सगळं त्याच नंबरावर चढतं. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला बंधनकारक आहे आणि तो नसलेलं जनावर आपत्तीत दगावलं तर भरपाई देय नाही, असा सरकारचा स्पष्ट आदेश आहे. पाणी गोठ्याला लागायच्या आत प्रत्येक जनावराचा, बिल्ल्याचा नंबर वाचता येईल असा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

उपचारासाठी वेगळा अर्ज नसतो. छावणीत जनावर बांधलं की मालकाचं नाव, गाव, मोबाइल आणि बिल्ला नंबर लिहून घेतात. नोंद बरोबर झाली का, ते तिथेच वाचून बघा. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत छावणीतल्या मोठ्या जनावरामागे दिवसाला ८० रुपये आणि लहानामागे ४५ रुपये धरले आहेत. यात चारा-पाण्याबरोबर औषधही येतं. जनावर छावणीत न नेता पाहुण्यांकडे बांधलं असेल तर तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, नाहीतर १९६२ ला फोन करून फिरतं पथक मागवा.

डॉक्टर आले की ‘साहेब, खात नाही’ एवढ्यावर थांबू नका. किती वेळ पाण्यात उभं होतं, शेवटचं कधी खाल्लं, गाभण असेल तर कितवा महिना, घटसर्प-फऱ्याची लस यंदा झाली का, हे सांगा. पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराचे खूर उचलून बघा. बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली दिसते आणि बोट लावलं की कुजका वास येतो. लंगडायची वाट बघू नका, तेव्हाच दाखवा. पोहून आलेल्या जनावराला बाटलीने काही पाजू नका. आधीच नाकातोंडात पाणी गेलेलं असतं, ठसका लागून औषध फुफ्फुसात उतरतं. आणि दोन दिवस उपाशी जनावरापुढे पेंडीचं घमेलं किंवा ओल्या वाड्याचा (उसाच्या शेंड्यांचा) भारा टाकायचा मोह आवरा. मायेपोटी हेच होतं आणि रात्री पोट फुगतं. आधी सुकी वैरण, तीही थोडी थोडी.

औषधाचा डोस चालू असताना दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही विचारून घ्या. हे बहुतेकजण विचारत नाहीत.

जनावर दगावलंच तर पुरायची घाई नको आणि ओढ्यात ढकलणं तर नकोच. तलाठी आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हे दोन कागद नंतर कितीही धावलात तरी मागच्या तारखेने मिळत नाहीत. मात्र नाकातोंडातून काळपट रक्त येत असेल तर जनावराला कुणाला हात लावू देऊ नका. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असलेलं जनावर फाडत नाहीत. काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

या दोन कागदांबरोबर बिल्ला नंबर, मृत जनावराचा बिल्ल्यासह फोटो, आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक जोडा. आपत्ती निधीच्या याच २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० मिळतात. कोंबडीमागे १०० रुपये, पण घरटी १०,००० च्या वर नाही. मूळ निकषात मोठी दुभती जनावरं घरटी तीनच धरतात. २०२५ च्या अतिवृष्टीत राज्याने ती अट काढली होती. तुमच्या वेळी कोणता शासन निर्णय लागू आहे, ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

धावपळीत बिल्ला तुटून कान फाटला असेल तर छावणीतच नवा मारून घ्या आणि जुना नंबर त्याला जोडायला सांगा. फोटो काढला असेल तर तो नंबर तुमच्या मोबाइलमध्येच आहे.