लाटांची वीज चंद्राच्या ओढीवर चालत नाही

‘लाटांपासून वीज म्हणजेच भरती-ओहोटीची वीज’ हे वाक्य मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे वाचत आलोय. उदाहरणाला फ्रान्सचं ला रांस केंद्र. हे चूक आहे. १९६६ सालचं ला रांस भरतीवर चालतं. तिथं खाडीच्या मुखाशी बंधारा आहे, आणि भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं. समुद्रावरच्या लाटा उठतात त्या वाऱ्यानं.

लाटेच्या विजेचं आपलं उदाहरण केरळातल्या विळिंजमचं. आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं तिथं १९९१ मध्ये १५० किलोवॉटचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. काँक्रीटची पोकळ पेटी, समुद्राच्या बाजूनं पाण्याखाली उघडी. लाट आत शिरली की पेटीतलं पाणी चढतं आणि वरची हवा टर्बाइनमधून बाहेर रेटतं. लाट ओसरली की तीच हवा परत आत ओढली जाते. हवा सारखी उलटसुलट, तरी चाक एकाच दिशेनं फिरतं! अशा टर्बाइनला वेल्स टर्बाइन म्हणतात, तिच्या पात्यांची घडणच तशी असते; मला ही कल्पना फार देखणी वाटते.

लाटा वाऱ्याच्या, म्हणून विळिंजमला जोर चढायचा तो पावसाळ्यात, नैऋत्येचे वारे सुटले की. अमावास्या-पौर्णिमेशी त्याचा संबंध नव्हता.